वहिनीबाई कोण?

६ ऑगस्ट, देवास

उठल्या उठल्या फोन पाहिला. कॅनडाच्या व्हिसाचं तेच, "अर्ज विचाराधीन". रोज एवढं लिहायचा कंटाळा आला. आता नुसतं "तेच" लिहीन.

रेवाला सातवा लागला. बी.पी. वर-खाली होतंय. समीर जावई म्हणून गुणी आहे, पण सकाळी अंधारात घर सोडतो तो संध्याकाळी उगवतो. मागच्या खेपेला पाचव्यात गेलं, तेव्हा मला सगळं आटोपल्यावर कळवलं. "तू इतक्या लांबून काय केलं असतंस, वहिनी?" या खेपेला मात्र आपणहून म्हणाली, तू ये. माझ्या लेकीने जन्मात काही मागितलं नाही. शाळेत पेन्सिल हरवली तर वर्गात पडलेला तुकडा उचलून लिहायची, घरी बोलायची नाही. आणि एवढ्या वर्षांत एक गोष्ट मागितली, तर मी इथे मोबाइल चोळत बसले आहे.

९ ऑगस्ट

तेच.

इंदूरच्या एजंटला फोन केला. अर्ज रेवाने तिथूनच भरला, हा फक्त इथले कागद इंग्रजीत करून देतो. तरी त्यालाच विचारते, दुसऱ्या कोणाला विचारणार? "मॅडम, आजकल सबका टाइम लग रहा है. आप टेंशन मत लो." टेन्शन घेऊ नका म्हणणाऱ्या माणसाची मला फार चीड येते. मी काय हौसेने घेते?

याच भल्या माणसाने पहिल्या दिवशी विचारलं होतं, "ये वहिनी कौन है?" रेवा फोनवर त्याला सांगत होती ना, वहिनीचा पासपोर्ट, वहिनीचं पेन्शन. म्हटलं, मीच ती. धारच्या घरी सगळे दीर 'दादा-वहिनी' करायचे. ते ऐकून ऐकून रेवाही बापाला दादा नि आईला वहिनी म्हणायला लागली. आमच्याकडच्या जुन्या घरांतून असंच चालतं. "हव, हव," म्हणाला. डोक्यावरून गेलं असणार.

२० ऑगस्ट

तेच.

डिंकाचे लाडू दुसऱ्यांदा केले. पहिले जुलैत केले होते, अहमदाबादला बोटांचे ठसे देऊन आले त्या उत्साहात. (ठसे उमटेचनात. मशीनवाली पोरगी म्हणाली, "आंटी, बर्तन बहुत घिसती हो क्या?" म्हटलं, बाई, जन्मभर शाळेत खडू घासला.) ते लाडू आम्ही इथेच संपवले. आम्ही म्हणजे मी आणि शेजारची मंजू. बाळंतिणीचे लाडू खाऊन मंजूचे गुडघे दुखायचे थांबले म्हणे. चला, कोणाला तरी लागू पडले.

ती रोज विचारते, "भाभीजी, वीजा आया?" आज माझ्या तोंडून गेलंच, "आया होता तो तेरे दरवाजे पे मीठा नीम माँगने खड़ी रहती क्या मैं?" कढीपत्ता खुडून देत हसली बिचारी. मला मग वाईट वाटलं. दुपारी वाटीभर खिचडी नेऊन दिली.

बॅग दिवाणावर उघडीच पडली आहे. अळीव, बाळंतशोपा, दोन कुंच्या, ह्यांच्या जुन्या धोतरांची दुपटी. बंद करवत नाही नि उघडी बघवतही नाही.

२९ ऑगस्ट

आज "तेच" नाही!

सकाळी मेल आली, "नवीन पत्र आलं आहे". मला एवढंच कळतं. आत काय आहे ते रेवाच्या खात्यात उघडतं, पासवर्ड तिच्याकडे. गणपतीपुढे दूर्वा निवडत बसले, पण एकवीस काही मोजून होईनात. शेवटी तिचा फोन आला. हसत होती. मला वाटलं झालं काम.

"वहिनी, ते विचारतायत, वहिनीबाई कोण?"

"कोण वहिनीबाई?"

"माझ्या जन्माच्या दाखल्यावर आईचं नाव वहिनीबाई मुळे आहे. तुझ्या पासपोर्टवर सुनंदा मुळे. ते म्हणतायत, आईला बोलवते आहेस तर ही बाई कोण?" पुन्हा हसत सुटली. "म्हणजे मी खरोखर वहिनीची मुलगी, बघ!" आणि हसता हसता रडायला लागली. "आता अजून किती लांबणार ग?" समीरने फोन घेतला. आई, तिला रडू द्यायचं नाही असं डॉक्टरने सांगितलंय, म्हणाला. जसं काही मीच रडवलं.

तो दाखला मी डोळ्यांनी पाहिलासुद्धा नव्हता. धारच्या घरात पेटीत पडलेला. रेवाचा पासपोर्ट दहावीच्या मार्कशीटवर निघाला, तिथे माझं नाव बरोबर आहे. व्हिसासाठी दाखला लागला तेव्हा बाळूभाऊजींनी पेटीतून काढून परस्पर एजंटला नेऊन दिला. त्याने जे दिसलं त्याचं इंग्रजी केलं. जन्मभर मुलींच्या वह्यांवर लाल पेन चालवलं मी, आणि नेमका हाच कागद माझ्या हाताखालून गेला नाही.

संध्याकाळी — भाऊजींना फोन. धाकटे दीर, धारचं घर तेच सांभाळतात. विचारलं, रेवाचा जन्म लिहवायला कोण गेलं होतं?

"मीच गेलो होतो वहिनी. दादा सरदारपूरला ड्यूटीवर होता ना."

"आईचं नाव काय सांगितलंत?"

मग म्हणाले, "बाबूने विचारलं, माँ का नाम? मी म्हटलं, वहिनी. तो बोलला, आगे बाई लगा दूँ? मी म्हटलं, लगा दो."

फोन ठेवला. परत लावला आणि गणपतीसमोर बोलू नये ते सगळं बोलले. तुम्हाला माझं नाव माहीत नव्हतं का हो? "माहीत होतं, वहिनी. पण वहिनीचं नाव कसं घ्यायचं?"

३० ऑगस्ट

राग उतरला नाही, पण पातळ झाला. भाऊजी तेव्हा कॉलेजात होते. मुलगी झाली म्हणून दवाखान्यात सगळ्यांची तोंडं जरा उतरलेली, आणि हा मुलगा सायकलवर पेढे घेऊन आला, गल्लीभर वाटले. त्याच सायकलवर तसाच कचेरीत गेला असणार. त्याच्या जिवाला त्या दिवशी नाव-गाव काय सुचणार? आई कोण तर वहिनी. खोटं काय बोलला तो?

पण हे कॅनडात कोणाला सांगू?

४ सप्टेंबर

एजंट म्हणतो, दाखला दुरुस्त व्हायला फार वेळ जाईल. त्यापेक्षा शपथपत्र करा, सुनंदा आणि वहिनीबाई ही एकच बाई आहे म्हणून. "और जिन्होंने जन्म लिखवाया था, उन देवरजी का भी बयान लगेगा." विसर्जन झालं की धारला जाते.

रेवाला सांगितलं. "तू म्हणजे तूच आहेस हे सांगायला साक्षीदार लागतो?" असं काहीतरी म्हणाली. आवाज दमलेला. मी नेहमीसारखी जेवलीस का, झोपलीस का करत राहिले.

९ सप्टेंबर, धार

सकाळची बस. इंदूरच्या गंगवाल स्टँडहून धारला बसायला जागा मिळाली, खिडकीची. मंजूने रस्त्यासाठी सेव-पुरी बांधून दिली होती.

भाऊजी स्टँडवर घ्यायला आले. चार दिवस दाढी नाही. पहिलं वाक्य, "पितृपक्ष लागला वहिनी, या दिवसांत कागद करायचे?" म्हटलं, तुमच्या दादालाही नातवंड बघायचं असेलच. माझी पिशवी घेतली आणि चालायला लागले.

कचेरीबाहेर टिनाच्या शेडखाली नोटरी बसतो. टाइप झालं. मग म्हणाला, देवरजी, अब अपने मुँह से बोलिए. भाऊजी उभे राहिले, शाळेत कविता म्हणायला राहतात तसे हात बांधून. "मैं शपथपूर्वक कहता हूँ कि मेरी भाभी..."

"भाभी का नाम?"

"...आमची वहिनी."

"बाबूजी, इसी चक्कर में तो यहाँ आए हो!"

शेडमधले सगळे हसले. भाऊजींच्या कपाळावर घाम. माझ्याकडे बघितलं, मग खाली चपलांकडे. साठीचा माणूस, घरात सुना-नातवंडं, आणि तोंडातून तीन अक्षरं निघेनात. मी म्हटलं, "घ्या भाऊजी. मी सांगते, घ्या."

"सुनंदा," म्हणाले. इतकं हळू की नोटरी म्हणाला, जोर से.

"सुनंदा! सुनंदा वसंत मुळे! वही मेरी वहिनी है, और रेवा की माँ है!" पलीकडच्या चहावाल्याने मान वर करून पाहिलं. आणि भाऊजी लगेच वाकून माझ्या पाया पडले, भर कचेरीत. मी आपली अहो अहो करत राहिले.

मग माझी पाळी. "माताजी, पति का नाम?" आणि बाई, माझीच जीभ अडली! हजारदा लिहिलं असेल, पण तोंडाने कधी घेतलं होतं? लग्नात उखाण्यात, तेवढंच. भाऊजी आता हसायला लागले. मग मीही हसले. नोटरीला वाटलं असेल, कुठून आली ही मराठी मंडळी.

१० सप्टेंबर, धार

सकाळी अंगणात चहा. भाऊजी पोहे आणायला गेलेत. निवांत आहे म्हणून लिहिते.

काल ते नाव ऐकल्यापासून कानात काहीतरी राहिलंय. सुनंदा म्हणणारं आता कोण उरलं? आई-नाना गेले. ते नंदू म्हणत. शाळेत मुळे मॅडम. मंजू भाभीजी म्हणते. हे असताना "अगं, ऐकलंस का". लेक वहिनी म्हणते. बँकेत टोकन नंबर. मला याचं कधी दुःख झालं नाही, खरंच नाही. वहिनी ही हाक मला आवडते, त्या हाकेत सगळं घर आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हा बाळू शाळेत होता, त्याने पहिल्यांदा वहिनी म्हटलं तेव्हा धीर आला होता.

पण काल भाऊजी ओरडून म्हणाले तेव्हा कोणीतरी मला लांबून ओळखून हाक मारली असं वाटलं. आता रडूबिडू नये. पोहे आले.

१६ सप्टेंबर, देवास

शपथपत्र, त्याचं इंग्रजी, सगळं रेवाने खात्यात चढवलं. इंग्रजीत वहिनीचा अर्थ थोरल्या भावाची बायको असा टाकलाय. मग खाली एजंटने खुलासा लिहिलाय की मुलगी आईलाही हेच म्हणते. वाचून मलाच गोंधळल्यासारखं झालं. तिथल्या साहेबाचं काय होईल देव जाणे.

२५ सप्टेंबर

तेच.

नवरात्र. पहाटे देवीच्या टेकरीवर जाऊन आले, उजाडल्यावर पाय ठेवायला जागा नसते. दोघी देव्यांना हात जोडले. त्यांनाही इथे नावाने कोण बोलतं? मोठी माता, छोटी माता. पण त्यांच्याकडे दाखला मागायची कोणाची छाती नाही. पायऱ्या उतरताना हे सुचलं आणि एकटीच हसले. मागून येणारी बाई जरा लांब सरकली.

देवीकडे मागितलं ते लिहीत नाही. रेवाने मागितलं तेच.

६ ऑक्टोबर

तेच.

रेवाने व्हिडिओवर पाय दाखवले. सुजून टम्म. डॉक्टरने पडून राहायला सांगितलंय. सगळं विचारलं, मीठ कमी कर, डाव्या कुशीवर झोप, उशी पायाखाली घे. ती हो-हो करत राहिली. शेवटी म्हणाली, "वहिनी, नुसतं बोलत राहा. फोन मांडीवर ठेवते." मग मी भाजी निवडता निवडता काहीबाही बोलत राहिले. मंजूच्या सुनेचं, टेकरीच्या गर्दीचं, गिलक्यांना यंदा किडीने खाल्लं त्याचं. बघितलं तर झोपली होती.

ते पाय मला चेपायचे होते. एवढंच काम आहे, कोणीही आई करते. त्याला परवानगी लागते.

एजंटला आज फोन केला नाही. केला असता तर भांडण झालं असतं.

१४ ऑक्टोबर

सकाळी समीरचा फोन. "आई, मुलगी झाली." दिवस भरले नव्हते, बी.पी. चढलं म्हणून थांबले नाहीत. वजन थोडं कमी. दोघी ठीक. दोघी ठीक. दोघी ठीक.

देवापुढे साखर ठेवली. मंजूला मिठी मारली, तीही रडली. सगळं छान झालं. आणि मी तिथे नव्हते. मला फार राग आलाय आणि राग धरायला माणूस सापडत नाही. भाऊजींवर धरत नाही, ते मनापासून लिहिते. कॅनडातल्या ज्या कोणाच्या टेबलावर माझा कागद पडलाय त्याचं तोंड मला माहीत नाही. त्यालाही आई असेल आणि ती त्याच्याच गावात राहत असेल.

१५ ऑक्टोबर

भाऊजी धारहून बसने पेढे घेऊन आले. आता सायकल नाही. गल्लीभर वाटले. निघताना दारात उभे राहून म्हणाले, "येतो, सुनंदावहिनी." आणि मान खाली घालून पळाले.

१७ ऑक्टोबर

रेवा घरी आली. बाळ समीरच्या छातीवर झोपलेलं दाखवलं. कपाळ मुळ्यांचं आहे.

म्हणाली, "इथे जन्म नोंदवायचा फॉर्म आहे, समीर भरतोय."

मी ओरडलेच. "त्याला नको! तू भर!"

मागून समीर म्हणाला, "आई, मला तिचं नाव येतं हो." तिघं हसलो. रेवाचे टाके दुखले, म्हणाली हसवू नका. तरी मी तिच्याकडून एकेक अक्षर मोठ्याने वाचून घेतलं. आईचं नाव, रेवा. बरोबर.

२१ ऑक्टोबर

तेच. दिवाळी आहे म्हणून दोन पणत्या लावल्या, नाहीतर मन नव्हतं. लाडू तिसऱ्यांदा केले. या खेपेला मंजूला सांगून टाकलं, हात लावायचा नाही.

२८ ऑक्टोबर

बारसं राहिलंय. मी विचारलं, तिथली चार मराठी माणसं बोलावून उरकून का घेत नाहीस? रेवा म्हणाली, "कागदावर नाव घातलं, घालावंच लागतं. पण कानात अजून कोणी सांगितलेलं नाही. समीरला बहीण नाही, आत्या कुठून आणू? ते तू सांगायचंस."

"अगं, फोन धर तिच्या कानाशी, आत्ता सांगते."

"नाही. फोनवर नाही."

ही दुसरी गोष्ट मागितली तिने.

कागदावरचं नाव मला कळलंय. इथे लिहीत नाही. जिचं आहे तिच्या कानात आधी जाऊ दे. तोवर आम्ही सगळे तिला बाळ म्हणतो. तीही आता या घरची झाली, नाव असून नाव नसलेली.

५ नोव्हेंबर

सकाळचे साडेदहा. मटार सोलत होते. फोन टिणकला. मेल.

"नवीन पत्र आलं आहे."

एवढंच. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आत काय आहे ते रेवाच्याच खात्यात. हो असेल. किंवा आणखी कोणी वहिनीबाई निघाली असेल. किंवा नाही असेल.

तिच्या नावावर बोट ठेवलं होतं. मग आठवलं, तिथे मध्यरात्र. काल म्हणत होती, बाळ रात्रभर जागवतं, बाराच्या सुमाराला जरा डोळा लागतो तेवढाच.

मंजू दारातून म्हणाली, "भाभीजी, लगा लो ना फोन! आज तो लगा लो!" तिला गप्प बसवलं. इथून बोललो तर तिथे ऐकू जाईल, अशा हळू आवाजात.

फोन उलटा करून बॅगेवर ठेवला. मटार सोलून झाले. सगळी भांडी घासून झाली. आता लिहिते आहे, हात कशाला तरी लावायला हवा.

उन्हाळ्यापासून ज्या पत्राची वाट बघितली ते आलंय, आणि ते उघडायला माझ्या लेकीला उठवावं लागतं. नाही उठवणार. इतके महिने त्यांनी थांबवलं म्हणून थांबले, आता मी आपणहून थांबते. झोप ग. तुझी सकाळ झाली की बघू.